कातता येणारा दगड आणि त्याची धूळ

दगड पिंजता येतो, कातता येतो आणि त्याच्या सुताचे कापड विणता येते, असे कोणी सांगितले तर तुमचा चटकन विश्वास बसणार नाही. पण निसर्गात असा एक दगड आहे. त्याचे नाव अ‍ॅस्बेस्टॉस. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ ‘न विझणारा’ असा आहे. नावात थोडी गफलतच आहे म्हणायची. कारण जो पदार्थ मुळात पेटतच नाही त्याच्या विझण्याचा प्रश्न येतो कुठे? अ‍ॅस्बेस्टॉसचे मळलेले कापड विस्तवात टाकले तर मळ तेवढा जळून जातो आणि कापड स्वच्छ होऊन बाहेर येते. तेराव्या शतकातील प्रवासी मार्को पोलो याने अशा कापडाची हकिकत लिहून ठेवली आहे. हे कापड आगीत राहणाऱ्या कोणा प्राण्याच्या केसांचे नसून खाणीतून काढलेल्या खनिजाचे आहे, हेही त्याने बजावून सांगितले आहे. पुढे विजेच्या प्रयोगांमुळे प्रसिद्धीला आलेला बेंजामिन फ्रँकलिन १७२५ मध्ये एकोणीस वर्षांचा होता आणि लंडनमध्ये होता. त्याने अ‍ॅस्बेस्टॉसची एक थैली सर हॅन्स स्लोन या संग्राहकाला विकली. ती थैली लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये जपून ठेवलेली आहे.

आपल्याला मात्र या कापडापेक्षा त्याच्या धुळीचा विचार करायचा आहे. ही धूळ माणसाच्या छातीत शिरल्यापासून तिचा परिणाम दिसेपर्यंत वीस, तीस, कधी कधी चाळीस वर्षे जातात. तोपर्यंत कामगाराने नोकरी बदललेली असते, कारखाना बंद पडलेला किंवा विकला गेलेला असतो. डॉक्टरांना हे लांबचे नाते उलगडायला पन्नास-साठ वर्षे लागली. त्यानंतर तोच प्रश्न न्यायालयांपुढे गेला, आणि तिथे तो आणखीच अवघड होऊन बसला.

अ‍ॅस्बेस्टॉस हे एकाच खनिजाचे नाव नाही. तंतुमय रचना असलेल्या सहा सिलिकेट खनिजांना व्यापारात हे नाव मिळाले. त्यांतला पांढरा क्रायसोटाइल हा सर्वांत जास्त वापरला गेला. मॅग्नेशियम आणि सिलिकॉन यांच्या संयुगाचे अतिपातळ थर चटई गुंडाळावी तसे गुंडाळले जाऊन त्याचा तंतू तयार होतो, म्हणून तो थोडा वळणदार आणि मऊ असतो. निळा क्रोसिडोलाइट आणि तपकिरी अमोसाइट यांचे तंतू सुईसारखे सरळ व ताठ असतात. हे तंतू उभे चिरत जातात. एका तंतूचे दोन, दोनाचे चार असे करता करता डोळ्यांना दिसणारही नाहीत इतके बारीक तंतू होतात. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाडीचा असतो (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), तर यांतले कित्येक तंतू एका मायक्रॉनहूनही बारीक असतात.

इथे भौतिकशास्त्राचा एक साधा नियम घात करतो. बारीक कण हवेतून किती वेगाने खाली बसेल हे तंतूच्या बाबतीत त्याच्या लांबीपेक्षा जाडीवर अवलंबून असते. त्यामुळे लांबलचक पण बारीक तंतू अगदी सूक्ष्म धुळीसारखा तासन् तास हवेत तरंगत राहतो आणि श्वासाबरोबर श्वासनलिकेच्या फांद्या-उपफांद्या ओलांडून थेट शेवटच्या वायुकोशांपर्यंत जातो. साध्या धुळीचा गोलसर कण तिथवर पोचला तरी तिथल्या भक्षक पेशी त्याला गिळून टाकतात. पण पंधरा-वीस मायक्रॉनच्या पेशीने तीस मायक्रॉन लांबीचा तंतू गिळायचा कसा? ती अर्धाच तंतू आत घेते आणि तशीच अडकते. तिच्यातली तीव्र रसायने बाहेर झिरपतात, आसपासच्या पेशींना इजा होते, नव्या भक्षक पेशी धावून येतात आणि त्यांचीही तीच गत होते. तंतू काही हटत नाही. जखम भरून यावी म्हणून शरीर तिथे वण तयार करते, जखम पुन्हा होते, पुन्हा वण पडतो. स्पंजासारखे मऊ फुप्फुस अशा रीतीने हळूहळू चामड्यासारखे कडक होत जाते. या रोगाला अ‍ॅस्बेस्टॉसिस म्हणतात. काही तंतूंवर शरीर लोहयुक्त प्रथिनाचा लेप चढवते. सूक्ष्मदर्शकाखाली ते टोकांना गाठी आलेल्या सोनेरी-तपकिरी काड्यांसारखे दिसतात. हे ‘अ‍ॅस्बेस्टॉस-पिंड’ पुढे डॉक्टरांच्या फार उपयोगी पडले, कारण धूळ कुठून आली याची खूणच जणू फुप्फुसात शिल्लक राहिलेली असे.

वाफेची इंजिने आली तसा अ‍ॅस्बेस्टॉसला भाव आला. बॉयलर, वाफेचे नळ, आगबोटी यांना उष्णता रोखणारे वेष्टण हवे होते. कॅनडात क्वेबेकमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत मोठ्या खाणी सुरू झाल्या आणि इंग्लंडमधल्या लँकेशायर परगण्यातील रॉचडेल गावी त्याचे सूत कातले जाऊ लागले. सहकारी चळवळीचा इतिहास वाचणाऱ्यांना रॉचडेल ठाऊक असेल. १८४४ साली विणकरांनी आपले प्रसिद्ध सहकारी भांडार काढले ते इथेच. गाव मूळचे कापसाच्या गिरण्यांचे. त्याच धर्तीची यंत्रे, तेच पिंजणे, तेच कातणे. फरक इतकाच, की कापसाऐवजी यंत्रात दगड जात होता.

या धुळीकडे प्रथम बोट दाखवले ते एका महिला कारखाना निरीक्षकाने. ल्यूसी डीन यांनी १८९८ च्या सरकारी अहवालात लिहिले, की या धुळीचे कण सूक्ष्मदर्शकाखाली काचेसारखे धारदार दिसतात आणि त्यांचा अपाय झाल्याचे आढळते. अहवाल छापला गेला आणि कपाटात गेला. दुसऱ्याच वर्षी लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयात डॉ. मॉन्टेग्यू मरे यांच्याकडे तेहतीस वर्षांचा एक कामगार धाप लागते म्हणून आला. त्याने चौदा वर्षे अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यात काढली होती. पिंजण खात्यात आपल्याबरोबर लागलेले बाकीचे दहाही जण मरण पावले, अकरापैकी आपण एकटेच उरलो आहोत, असे त्याने डॉक्टरांना सांगितले. १९०० मध्ये तोही वारला आणि शवविच्छेदनात त्याच्या फुप्फुसांत अ‍ॅस्बेस्टॉसचे कण सापडले. व्यवसायजन्य रोगांना भरपाई द्यावी की काय, हे ठरवणाऱ्या सरकारी समितीपुढे डॉ. मरे यांनी १९०६ मध्ये ही साक्ष दिली. समितीने अ‍ॅस्बेस्टॉसचा रोग यादीत घातला नाही. यादीत नसणे म्हणजे काय असते, ते रॉचडेलच्या नेली केरशॉ हिच्या गोष्टीवरून कळेल.

नेली १९०३ मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी, गिरणीत कामाला लागली. काही महिन्यांतच ती अ‍ॅस्बेस्टॉसच्या कामाकडे वळली आणि १९१७ पासून टर्नर ब्रदर्स या मोठ्या कारखान्यात सूत कातू लागली. १९२२ च्या जुलैत तिला काम झेपेनासे झाले. गावच्या डॉक्टरांनी दाखल्यावर ‘अ‍ॅस्बेस्टॉसची विषबाधा’ असे लिहिले. हा दाखला खरा होता, आणि त्यामुळेच ती दोन्हीकडून अडकली. आजारपणाच्या सरकारी विमा योजनेने सांगितले, की हा कामातून झालेला आजार आहे, तेव्हा पैसे मालकाकडे माग. मालकाने सांगितले, की असा रोगच कायद्याच्या यादीत नाही. अ‍ॅस्बेस्टॉस विषारी नाही आणि हा शब्दच आम्हाला मान्य नाही. आपण नऊ आठवडे घरी बसून आहोत आणि एक पेनीही हाती आलेली नाही, तेव्हा माझ्या बाबतीत तुम्ही काय करणार, असे तिने कारखान्याला पत्र लिहून विचारले. १४ मार्च १९२४ रोजी ती वारली. वय तेहतीस. अंत्यविधीच्या खर्चाला हातभार लावायलाही कंपनीने नकार दिला, कारण तसे केल्यास जबाबदारी मान्य केल्यासारखे झाले असते. गावच्या दफनभूमीत नावाचा दगडही नसलेल्या जागेत तिला पुरले.

तिच्या मृत्यूची चौकशी झाली आणि फुप्फुसे तपासण्याचे काम डॉ. विल्यम कुक या विकृतिशास्त्रज्ञाकडे आले. तिच्या फुप्फुसांत क्षयाचे जुने वणही होते. तेव्हा मृत्यू क्षयाने झाला असे म्हणून प्रकरण मिटवणे अगदी सोपे होते, आणि अशी किती प्रकरणे मिटली असतील याची कल्पनाच केलेली बरी. कुक यांनी वणांच्या आत रुतलेले टोकदार खनिज कण पाहिले, ते अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीशी ताडून पाहिले आणि मृत्यूचे कारण हीच धूळ असल्याचा निर्वाळा दिला. १९२४ च्या जुलैमध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांचा निबंध आला. १९२७ मध्ये त्यांनी या रोगाला नाव दिले. रोगाला नाव मिळाले म्हणजे तो कायद्याच्या कलमात लिहिता येतो, हे डॉक्टरांपेक्षा वकिलांना अधिक पटेल.

आता सरकारला हलणे भागच होते. कारखाना खात्याचे डॉ. मेरेवेदर आणि अभियंता प्राइस यांनी पाहणी करून १९३० मध्ये अहवाल दिला. ३६३ कामगारांपैकी ९५ जणांची फुप्फुसे रोगग्रस्त होती. वीस वर्षांहून अधिक काळ काम केलेल्यांत तर पाचांपैकी चौघांना रोग होता. १९३१ मध्ये नियम झाले. यंत्रांवर धूळ ओढून घेणारे पंखे आले, डॉक्टरी तपासणी आली, भरपाईची तरतूद आली. मोठेच पाऊल होते ते. पण नियम कारखान्याच्या आतल्या ठराविक कामांनाच लागू होते. तोच माल कारखान्याबाहेर पडून गोदीत किंवा बॉयलरवर चढला, की तिथे तो कापणाऱ्या आणि लिंपणाऱ्या कामगाराला यांतले काहीच लागू नव्हते.

यानंतर कर्करोगाचा संशय बळावू लागला. सिगारेट आणि कर्करोग यांचे नाते दाखवून देणारे रिचर्ड डॉल यांनी रॉचडेलच्याच कारखान्यात वीस वर्षे व अधिक काळ काम केलेल्या ११३ पुरुषांची नोंद तपासली. सर्वसामान्य लोकसंख्येच्या हिशेबाने त्यांच्यात फुप्फुसाच्या कर्करोगाने एखादाच मृत्यू व्हायला हवा होता. प्रत्यक्षात अकरा झाले होते. हा निबंध छापला जाऊ नये अशी कंपनीच्या संचालकांची इच्छा होती. डॉल यांनी तो १९५५ मध्ये छापला.

तिकडे दक्षिण आफ्रिकेत, किंबर्लेच्या क्षयरोग रुग्णालयात डॉ. स्लेग्ज यांना काही रुग्णांचे कोडे पडले होते. फुप्फुसाच्या आवरणाला सूज, पण क्षयाच्या औषधांनी उतार नाही. हे रुग्ण एका विशिष्ट भागातून येत. जिथे निळ्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणी होत्या तिथून. विकृतिशास्त्रज्ञ ख्रिस वॅग्नर यांनी तपासले तेव्हा तो फुप्फुसावरणाचा मेसोथेलिओमा नावाचा कर्करोग निघाला. इतका दुर्मीळ, की असा रोग असतो की नाही यावरच विकृतिशास्त्रज्ञांचे एकमत नव्हते. १९६० मध्ये वॅग्नर, स्लेग्ज आणि मार्चंड यांनी ३३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांत खाणकामगारांबरोबर गृहिणी होत्या, गुराखी होते. लहानपणी खाणीजवळ राहिले, खाणीबाहेर टाकलेल्या निळ्या ढिगांवर खेळले, एवढाच कित्येकांचा धुळीशी संबंध. १९६५ मध्ये लंडनमधील रुग्णांच्या अभ्यासातही कामगाराचे धुळीने माखलेले कपडे घरी धुणाऱ्या स्त्रिया आढळल्या.

अमेरिकेत डॉ. अर्व्हिंग सेलिकॉफ यांनी उष्णतारोधक वेष्टणे बसवणाऱ्या कामगारांकडे लक्ष वळवले. कंपन्या आपले दप्तर दाखवीनात, तेव्हा कामगार संघटनेच्या नोंदवह्या त्यांनी वापरल्या; युक्ती साधी, पण नामी. १९६४ मध्ये त्यांनी दाखवून दिले, की ६३२ कामगारांच्या गटात फुप्फुस व त्याच्या आवरणाच्या कर्करोगाने सहा-सात मृत्यू अपेक्षित असताना ४५ झाले. पुढे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी धूम्रपानाचाही हिशेब मांडला. अ‍ॅस्बेस्टॉसमुळे फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सुमारे पाचपट होतो. धूम्रपानामुळे सुमारे अकरापट. दोन्ही एकत्र आले तर सोळापट होईल असे तुम्ही म्हणाल. पण १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेला आकडा होता त्रेपन्नपट! म्हणजे इथे बेरीज होत नाही, गुणाकार होतो.

मग कोर्टाची पायरी कोणी चढली? क्लॅरेन्स बोरेल हा टेक्सासचा कामगार १९३६ पासून तेहतीस वर्षे तेलशुद्धीकरण कारखान्यांत आणि गोद्यांत वेष्टणे बसवीत होता. संध्याकाळी नाकातून मुठी-मुठीने धूळ निघे, असे त्याने जबानीत सांगितले. धूळ चांगली नव्हे हे त्याला आणि सोबत्यांना कळत होते. पण फुप्फुसात गेल्यावर ती विरघळून जाते, अशी त्यांची समजूत होती. अनेक वर्षे खोक्यांवर सावधानतेची एक ओळही नव्हती. १९६९ मध्ये त्याला अ‍ॅस्बेस्टॉसिस असल्याचे निष्पन्न झाले आणि त्याने माल बनवणाऱ्या कंपन्यांवर दावा लावला. दावा उभा राहण्यापूर्वीच मेसोथेलिओमाने तो वारला.

कंपन्यांचा बचाव असा, की धोका आम्हाला तरी कुठे ठाऊक होता? शिवाय दावा मुदतीबाहेरचा आहे. १९७३ मध्ये अपील न्यायालयाचे न्यायाधीश जॉन मायनर विस्डम यांनी दिलेला निकाल वाचण्याजोगा आहे. जो माल विकतो त्याने त्या मालाविषयी तज्ज्ञाइतके ज्ञान ठेवलेच पाहिजे. शास्त्रीय नियतकालिकांत जे छापून आले ते आपल्याला ठाऊक नव्हते असे त्याला म्हणता येणार नाही. आणि ज्ञात धोक्याची सूचना वापरणाऱ्याला न देणे हाच मालातला दोष होय, असे त्यांनी म्हटले. मुदतीविषयीही न्यायालयाने समजूतदारपणा दाखवला. धूळ नाकात गेली त्या दिवसापासून नव्हे, तर रोग प्रकट झाला तेव्हापासून घड्याळ सुरू होते. अन्यथा रोग कळण्यापूर्वीच प्रत्येक दाव्याची मुदत टळून गेली असती.

‘ठाऊक नव्हते’ या बचावाचे पुढे काय झाले तेही सांगायला हवे. १९७७ मध्ये एका कंपनीच्या जुन्या दप्तरातून १९३५ सालचा पत्रव्यवहार बाहेर आला. अ‍ॅस्बेस्टॉसविषयी जितके कमी बोलले जाईल तितके आपल्या हिताचे, असे कंपनीच्या अध्यक्षाने जॉन्स-मॅन्विल या सर्वांत मोठ्या कंपनीच्या वकिलाला कळवले होते. दाव्यांची रीघ लागली. २६ ऑगस्ट १९८२ रोजी जॉन्स-मॅन्विलने दिवाळखोरीचा अर्ज केला. तेव्हा तिच्यावर सुमारे साडेसोळा हजार दावे चालू होते आणि कंपनी चांगली नफ्यात होती. १९८८ मध्ये रुग्णांसाठी निधी स्थापन झाला, पण दावेदार इतके निघाले, की १९९५ पासून मंजूर रकमेचा दहावा भागच हाती पडू लागला.

इंग्लंडमध्ये प्रश्न वेगळाच उभा राहिला. एखाद्याने आयुष्यात दोन-तीन ठिकाणी काम केले आणि सगळीकडे धूळ खाल्ली, तर मेसोथेलिओमा कोणाच्या धुळीने झाला? विज्ञानाला याचे उत्तर देता येत नाही. प्रत्येक मालक म्हणे, ‘आमच्याच धुळीने झाला हे सिद्ध करा.’ अंधारात दोघांनी दगड फेकले, काच एकाच्याच दगडाने फुटली, पण कोणाच्या ते कळत नाही म्हणून दोघेही मोकळे सुटावे, तसा हा प्रकार. खालच्या न्यायालयाने मालकांचे म्हणणे मान्यही केले होते. २००२ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्‌सने तो निकाल फिरवला. ज्या मालकाने निष्काळजीपणे धोका वाढवला तो जबाबदार, असे ठरले. इटलीत मात्र मुदतीच्या कायद्याने घात केला. कासाले मोनफेर्रातो येथील सिमेंट-पत्र्याच्या कारखान्याच्या खटल्यात झालेली शिक्षा २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुदत संपली या कारणाने रद्द केली.

ब्रिटनने १९८५ मध्ये निळ्या व तपकिरी आणि १९९९ मध्ये पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी घातली. कॅनडाने स्वतःच्या खाणी बंद पडल्यावर २०१८ मध्ये बंदी आणली. तिथल्या ‘अ‍ॅस्बेस्टॉस’ नावाच्या गावाने २०२० मध्ये आपले नावही बदलून टाकले.

आपल्याकडे खाणींचे नवे परवाने देणे थांबले आहे, पण क्रायसोटाइलची आयात चालू आहे आणि त्यातला बराचसा सिमेंटच्या पन्हळी पत्र्यांत जातो. तुमच्या शाळेच्या किंवा घराच्या छपरावरही तसे पत्रे असतील. घाबरून जाऊ नका. अखंड पत्र्यात तंतू सिमेंटमध्ये पक्के बसलेले असतात. तो करवतीने कापणे, त्याला भोके पाडणे, कोरडा घासणे किंवा फुटलेले तुकडे कुटून भर घालणे यांत खरा धोका आहे. जुना पत्रा उतरवायचाच झाला तर तो पाण्याने भिजवून, न फोडता उतरवावा. मुंबईतल्या एका अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्यात दीर्घकाळ काम केलेल्या कामगारांची तपासणी डॉक्टरांनी केली, तेव्हा पाचांपैकी एकाहून अधिक जणांना अ‍ॅस्बेस्टॉसिस आढळला. हा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला.

भारतीय सर्वोच्च न्यायालयाचा महत्त्वाचा निकाल २७ जानेवारी १९९५ चा आहे. अहमदाबादच्या ‘कन्झ्यूमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर’ या संस्थेने अर्ज केला होता. कामगाराचे आरोग्य हा घटनेच्या एकविसाव्या कलमातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने सांगितले आणि तपासणीत रोगी ठरणाऱ्यांना प्रत्येकी एक लाख रुपये देण्याचा आदेश दिला. २०११ मध्ये पूर्ण बंदीची मागणी याच न्यायालयाने फेटाळली. पण १९९५ च्या निकालातील एक सूचना मला सर्वांत शास्त्रशुद्ध वाटते. प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद कारखान्याने नोकरी लागल्यापासून ४० वर्षे, किंवा नोकरी सुटल्यापासून १५ वर्षे, यांपैकी जी तारीख नंतरची असेल तोपर्यंत ठेवायची आहे. हिशेब करून पाहा. १९९५ मध्ये विसाव्या वर्षी कामाला लागलेला मुलगा अठ्ठावन्नाव्या वर्षी, म्हणजे २०३३ मध्ये निवृत्त होईल. त्याचे कागद कारखान्याला २०४८ पर्यंत जपून ठेवावे लागतील.